आभाळवाला आणि धोंडाबाईचा राब

खांब दिवाळीपासून आडवा पडला होता. ओढ्याच्या वळणावर, करवंदीच्या जाळीला डोकं टेकून, एखादा प्यालेला पाहुणा पडावा तसा. शेळ्या त्याच्यावर चढून पाला खायच्या, पोरं त्याचा घोडा करायची. पळसोंड्याच्या मूळ गावात असे खांब केव्हाच उभे राहिले होते, त्यांच्यावर दिवे लागून त्यातले काही फुटूनही झाले होते. हा खांब ओढ्यापलीकडच्या बौद्धवाडीचा. तो पडून राहिला म्हणून गावात कुणाची झोप मोडत नव्हती. मोडत होती ती एकट्या धोंडाबाईची.

धोंडाबाईची पोरगी संघरत्ना वाशिंदला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. सुटली की गाडीने आसनगाव, तिथून जीपने फाटा, आणि फाट्यापासून वाडीपर्यंत पायी. फाट्यावर वडापावच्या गाडीचा उजेड असायचा, वाडीत घराघरांतला असायचा. मधलं ओढ्याचं वळण मात्र काळंठिक्कर. मार्गशीर्षात त्या वळणावर मोटारसायकल बंद करून दोघे उभे होते. एकाने तिची ओढणी धरली. पोरगी ओढणी तिथेच सोडून पळाली, घरी येऊन तांब्याभर पाणी प्याली आणि मग रडली. पोलीसपाटलाने विचारलं, कोण होते? अंधारात काय कपाळ दिसणार? तोंड दिसलं नाही म्हणून तक्रार नाही, आणि तक्रार नाही म्हणून काही झालंच नाही, असं ते प्रकरण मिटलं.

तेव्हापासून धोंडाबाई रोज कंदील घेऊन फाट्यावर जायची. पण पाऊस सुरू झाला की त्या वळणावर वारा असा फिरतो की कंदील टिकत नाही, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. थोरला मुकेश शहापुरात रिक्षा चालवायचा. त्याने निकाल देऊन टाकला.

"पाऊस लागंपर्यंत दिवा लागला तर ठीक. नायतर संघरत्नानं कंपनी सोडायची. उद्या काय झालं तर लोकं मलाच इचारतील."

"लोकांचं तुला लई," धोंडाबाई म्हणाली. पोरीने मान खाली घालून भाकरी मोडली. वाडीतून कंपनीत जाणारी ती पहिली पोरगी. ती घरी बसली असती तर मागून येणाऱ्या चार पोरींना कुणी दारातून बाहेर सोडलं नसतं. आणि पोरगी घरी बसली की पुढल्या वर्षी तिचं लग्न उरकणार, हेही काही सांगावं लागत नव्हतं.

खांब उभा का राहत नव्हता? या वेळी दोष गावाचा नव्हता. निदान सगळा नव्हता. खांब अडवला होता आभाळवाल्याने.

त्याचं खरं नाव मोठं होतं, कागदात छापून यायचं. गावाने त्याला आभाळवाला केलं. मुंबईत म्हणे तो कापडाच्या पिशव्यांत वारा भरून टांगायचा, पेटत्या दोऱ्यांची चित्रं काढायचा, आणि शहाणीसुरती माणसं रांग लावून ती बघायची. देवराम पाटलाने ओढ्यावरचं आपलं टेकाड त्याला विकलं. खडकाळ टेकाड, तिथे नाचणीसुद्धा धड येत नव्हती. देवराम मनात हसला. आभाळवाल्याने तिथे एक चौकोनी खोली बांधली, आतून पांढरीशुभ्र, आणि स्लॅबच्या मधोमध भलंमोठं भोक ठेवलं. गवंडी बरेच दिवस सांगत फिरत होता की मालकाला घराची अक्कल नाही, पावसाळ्यात रडत येईल. पण मालकाला भोकच हवं होतं. चारी भिंतींना बाक, बाकावर बसायचं, मान वर करायची आणि भोकातून आभाळ बघायचं. पश्चिमेच्या भिंतीत एक उभी फट होती, वैशाखातल्या थोड्या दिवसांत मावळतीचा सूर्य तिच्यातून आत यायचा. झालं. एवढ्यासाठी त्याने विहिरीएवढा खर्च केला होता. देवराम तिथे राखणदार म्हणून राहिला. तो पंचायतीचा सदस्यही होता, त्यामुळे आभाळवाल्याचं म्हणणं पंचायतीत पोचायला फार वाट तुडवावी लागत नव्हती.

म्हणणं असं की वळणावर दिवा लागला तर त्याचा उजेड फटीतून आत येईल, वरच्या चौकोनातही मिसळेल, आणि आभाळ खराब होईल.

आभाळ खराब होईल! धोंडाबाईने हे ऐकलं तेव्हा ती भात कांडत होती. तिने मुसळ खाली ठेवलं आणि तशीच टेकाड चढली.

आभाळवाला घरीच होता. उंच, बारीक, पांढऱ्या दाढीचा, पायात साध्या चपला. उर्मट असता तर धोंडाबाईला सोपं गेलं असतं. पण त्याने उठून पाणी दिलं, बसा म्हणाला आणि तिचं सगळं ऐकून घेतलं. ओढणीचं ऐकताना तर त्याचा चेहरा खरोखर उतरला.

"फार वाईट झालं," तो म्हणाला. "पण बाई, जरा वर बघा."

तिने वर बघितलं. दिवस मावळत होता. चौकोनातलं आभाळ छपराइतकं खाली आलं होतं, हात लावला तर लागेल असं, आणि त्याचा निळा रंग बघता बघता गर्द होत होता. धोंडाबाईने जन्मभर आभाळ बघितलं होतं ते पाऊस कधी येतो म्हणून. हे वेगळंच होतं. तिला ते आवडलं. आणि आवडलं याचाच तिला भयंकर राग आला.

"मुंबईत असा काळोख उरला नाही," आभाळवाला हळू आवाजात म्हणाला. "तुमच्याकडे आहे. तुम्हाला त्याची किंमत नाही."

"हाय तर," धोंडाबाई म्हणाली. "आमच्याकडं ढिगानं हाय. पोत्यात भरून न्या मुंबईला. आमाला तो एक दिवा राहू द्या."

तो हसला. आत गेला आणि एक चांगली जाडजूड बॅटरी घेऊन आला. मुलीला द्या म्हणाला. धोंडाबाईने ती बाकावर ठेवली.

"बॅटरी पुढचं दाखवते साहेब. झाडामागं कोण उभा हाय, ते नाय दाखवत."

"वैशाखात पाहुणे येणार आहेत, परदेशातूनही. सूर्य त्या फटीत उतरेल तेव्हा. तेवढं पार पडू द्या. मग बघू."

'मग बघू' हा शब्द धोंडाबाईच्या चांगला ओळखीचा होता. वाडीच्या विहिरीला तो लागला होता, रस्त्याला लागला होता, नवऱ्याच्या नावच्या जमिनीला तर तो इतका लागला की नवरा गेला. ती उठली. उतरताना दारात देवराम भेटला.

"धोंडे, मोठा माणूस हाय तो. वाकड्यात नको जाऊ."

"मी सरळच चाललेय. वाट तुमी वाकडी केलीय."

त्यानंतर ती पुन्हा टेकाडावर गेली नाही. मुकेशला वाटलं आईने हाय खाल्ली. आईने हाय खाल्ली नव्हती, ती राबाची तयारी करत होती.

भाताचं रोप जिथे तयार करायचं तो जमिनीचा तुकडा उन्हाळ्यात भाजून घेतात, त्याला राब म्हणतात. होळीपासून बाया ऐनाच्या झाडांचा कवळ तोडून, म्हणजे फांद्यांचे शेंडे तोडून, वाळवतात. शेण पसरायचं, त्यावर कवळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, वरून मातीचा हलका थर, आणि पेटवायचं. आग भडकू द्यायची नाही, आतल्या आत धुमसत न्यायची. म्हणून राब भाजतात तो पहाटे, वारा पडलेला असताना. नीट भाजला की तणाचं बी मरतं आणि रोप तरारून येतं. धोंडाबाईचा राब टेकाडाच्या पश्चिम पायथ्याला होता, शेजारी जिवलीचा, त्याला लागून वाडीतल्या आणखी दोघींचा. वैशाखात संध्याकाळी वारा पश्चिमेकडून येतो आणि टेकाड चढून वर जातो.

"जिवले," धोंडाबाई शेजारणीला म्हणाली, "औंदा माझा राब मी सांजचा भाजणार. पावन्यांच्या दिवशी."

जिवली दचकली. "वाऱ्यावर? अर्धा कच्चा राहील गो. तण माजंल."

"माजू दे. आणि वरून ओला कवळ टाकणार."

जिवलीने पदर तोंडाला लावला. हसत होती की घाबरली होती ते कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तीही ओला कवळ तोडताना दिसली.

पाहुण्यांच्या दिवशी दुपारपासून गाड्या आल्या. फाट्यापासून आत गाडी नीट येत नव्हती, म्हणून गोरी माणसं आणि त्यांच्याहून गोरी दिसायची धडपड करणारी आपली माणसं चालत टेकाडावर गेली. कुणी वाडीकडे बघून हात हलवला. ऊन कलायला लागलं तसा पश्चिमेचा वारा उठला. धोंडाबाईने चुलीतलं कोलीत आणलं आणि राबाच्या कडेला टेकवलं.

ओला कवळ चरचरला. आधी पांढरा, मग पिवळट, दाट, डोळ्यांना झोंबणारा धूर उठला आणि वाऱ्याने त्याला मानेला धरल्यासारखा टेकाडावर नेला. जिवलीने तिचा पेटवला. मग उरलेल्या दोघींनी.

देवराम धावत खाली आला, धोतराचा सोगा हातात धरून.

"धोंडे, आज नको गो. उद्या भाज. मी तुझ्या पाया पडतो."

"माझा राब, माझी काडी. तू कोण रे सांगणारा?"

देवराम हात चोळत उभा राहिला. पेटलेला राब विझवणं म्हणजे दुसऱ्याच्या पोटावर पाय देणं. पळसोंड्यात भावाभावांत कुऱ्हाडी निघाल्या होत्या, पण कुणी कुणाच्या राबावर पाणी ओतलं नव्हतं. देवराम आभाळवाल्याचा नोकर असला तरी आधी शेतकरी होता. त्याने एकदा ओढ्याकडे बघितलं, एकदा धोंडाबाईकडे, आणि शिव्या देत परत चढायला लागला.

वरून खोकण्याचे आवाज आले. एक, दोन, मग कितीतरी. धोंडाबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होती. इतकं बरं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. बघा म्हणावं आता आभाळ. मग खोकणं थांबलं. आणि मग टाळ्या वाजल्या.

टाळ्या कशाच्या? धोंडाबाईने जिवलीकडे बघितलं, जिवलीने धोंडाबाईकडे. तोंडाला पदर लावून ती टेकाड चढली.

खोली धुराने भरली होती. आणि सूर्य नेमका फटीत उतरला होता. एरवी त्याचा एक पट्टा समोरच्या भिंतीवर पडायचा, बस. आता धुरामुळे तो उजेड फटीपासून भिंतीपर्यंत सलग दिसत होता, सोन्याच्या फळीसारखा, आणि त्या फळीत धूर हळूहळू वळत होता. वरच्या चौकोनातून धूर बाहेर जात होता आणि आभाळ त्याला आत ओढून घेतंय असं वाटत होतं. पाहुणे डोळे पुसत होते, पण तोंडं उघडी ठेवून बघत होते. त्यांना वाटलं, हे सगळं मुद्दामच केलेलं आहे.

आभाळवाला मधोमध उभा होता. त्याने धोंडाबाईला बघितलं. एक क्षण त्याच्या डोळ्यांत जो राग होता तो अगदी सच्चा होता, गावातल्या बांधावर भांडणाऱ्या माणसाचा असतो तसा. दुसऱ्या क्षणी तो गेला. त्याने पुढे येऊन धोंडाबाईचा काजळी लागलेला हात धरला आणि इंग्रजीत पाहुण्यांना काहीतरी सांगितलं. पुन्हा टाळ्या. फटाफट फोटो निघाले. ज्या धुराने त्याचं नाक कापायचं होतं, त्याच धुराने त्याच्या डोक्यावर तुरा खोवला होता. धोंडाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

एका गोऱ्या बाईने तिला काही विचारलं. आभाळवाला मराठीत म्हणाला, "त्या विचारतायत, तुम्हाला काय सांगायचंय?"

"सांगा तिला," धोंडाबाई म्हणाली, "आमच्या वळणावरचा खांब या माणसानं अडवलाय. माझी पोरगी अंधारातनं येते. मी धूर केला तो हितनं तुमाला हाकलायला."

आभाळवाल्याने मान डोलावली आणि पाहुण्यांकडे वळून गोड आवाजात इंग्रजी बोलला. गोरी बाई छातीवर हात ठेवून "ओह" म्हणाली.

"आई असं नाय बोलली."

दारात संघरत्ना उभी होती, खांद्याला डब्याची पिशवी. रविवारच्या पाळीने ती लवकर सुटली होती आणि धूर बघून धावत वर आली होती. कंपनीत मोठे साहेब इंग्रजीच बोलायचे, पोरगी ऐकून ऐकून तयार झाली होती.

"हे बोलले की अंधार आमची परंपरा आहे, ती जपायला आई धूर करते," तिने आईला सांगितलं. मग गोऱ्या बाईकडे वळून तिने मोडक्या इंग्रजीत, अडलं तिथे हिंदी घालून, खांबाचं सांगितलं, ओढणीचं सांगितलं, कंपनी सुटणार तेही सांगितलं. बोलताना तिने आभाळवाल्याकडे एकदाही बघितलं नाही.

गोरी बाई आभाळवाल्याकडे बघायला लागली, मग दुसरेही. कुणीतरी विचारलं, खरं का हे? आभाळवाल्याने दाढीवरून हात फिरवला. धोंडाबाईने तेवढ्यात ओळखलं की पाहुण्यांसमोर याची मान अडकली आहे, आणि ही वेळ पुन्हा यायची नाही.

"खांब उभा करणार का नाय?" तिने विचारलं.

"करतो," तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं इंग्रजीतही म्हणाला. वर जोडलं, "पण बाई, दर वर्षी या दिवशी हा धूर झाला पाहिजे. हे आपलं दोघांचं काम आहे आता."

"आधी खांब," धोंडाबाई म्हणाली. हो ती म्हणाली नाही. पण तो ऐकण्याच्या घाईत होता, त्याने हो ऐकलं.

पाऊस लागायच्या आत खांब उभा राहिला. बटण खांबावरच, हाताला येईल असं. पहिल्या दिवशी धोंडाबाईने स्वतः ते दाबलं. पिवळा उजेड करवंदीवर पडला, ओढ्याच्या दगडांवर पडला, आणि जाळीमागे उभं राहायला कुणाला जागाच उरली नाही. संघरत्नाची कंपनी सुटली नाही.

राबाचं मात्र व्हायचं ते झालं. तण असं माजलं की धोंडाबाई आणि जिवली वाकून वाकून बेजार झाल्या, रोप पिवळं पडलं, आवणीला, म्हणजे रोप लावायच्या वेळी, जिवलीच्या माहेरून रोप आणावं लागलं. तिकडे आभाळवाल्याचा फोटो मोठ्या रंगीत मासिकात आला. धुरात धोंडाबाई उभी, तोंडाला काळं, आणि खाली सगळं त्याचंच नाव. संघरत्नाने शोधून शोधून आईचं नाव वाचायचा प्रयत्न केला. तिथे 'स्थानिक स्त्री' एवढंच होतं. मुकेश ते पान भिंतीवर लावणार होता. धोंडाबाईने ते चुलीत घातलं.

तेही तिने पचवलं असतं. पण पुढच्या होळीनंतर देवराम आला, हातात मोठा कागद. आभाळवाल्याने पाठवलेला. त्यावर राबाचे चौकोन आखलेले, कुठे ओला कवळ किती, कोणी आधी पेटवायचं, कोणी मागून. दिवा त्या दिवशी बंद ठेवायचा, हेही खाली लिहिलेलं.

"माझा राब मला शिकवतोय?" धोंडाबाई म्हणाली.

"कलाकार माणूस हाय गो. त्याला नेमकं लागतं."

"बरं बोलला. नेमकंच करू."

देवरामला ते उत्तर बरं वाटलं. तो तसंच जाऊन वर सांगून आला.

वैशाखातला तो दिवस आला. या वर्षी गाड्या दुप्पट आल्या. टेकाडावर खुर्च्या लागल्या, कॅमेरे तिपायांवर चढले. ऊन कलायला लागलं तशी सगळ्यांची तोंडं पायथ्याकडे वळली. पायथ्याला राबाचे चारही तुकडे काळेभोर, गार पडलेले होते. पहाटे वारा पडलेला असताना बायांनी ते भाजून घेतले होते, वाळल्या कवळावर, मातीच्या थराखाली, कुणाच्या डोळ्यांत पाणी येऊ न देता. राखेत कोंबड्या उकरत होत्या.

आभाळवाला स्वतः खाली आला. धोंडाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती.

"तुम्ही शब्द दिला होता," तो म्हणाला. पहिल्यांदाच तो तिच्याशी गोड बोलत नव्हता.

"मी कुठं दिला? तुमी घेतला."

"माझं वर्षाचं काम होतं त्यात."

"माझंबी वर्षाचंच असतं," धोंडाबाई म्हणाली आणि सूप बाजूला ठेवून उठली.

तो मागोमाग वळणापर्यंत आला. टेकाडावरचे लोक उभे राहून बघत होते. सूर्य फटीपाशी आला होता, आत आता एक साधा पट्टा भिंतीवर पडणार होता. धोंडाबाईने खांबावरच्या बटणाला हात घातला.

"नका," आभाळवाला म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "निदान दिवा लावू नका. आज एवढं तरी ऐका. आभाळ तरी राहू द्या मला."

धोंडाबाईने त्याच्याकडे नीट बघितलं. या माणसाला खरंच वाईट वाटतंय, हे तिला कळलं. ते आभाळ तिलाही एकदा आवडलं होतं. तिने बटण दाबलं.

"पोरगी अजून यायचीय," ती म्हणाली आणि फाट्याच्या दिशेने बघत तिथेच उभी राहिली.